धक्का सोसणारं लाकूड: रायफलीच्या दस्त्यासाठी फळी कशी निवडावी

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला दस्ता घेऊन आले. नुसतं लाकूड. नळी आणि बाकीचं यंत्र परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे रीतसर जमा होतं. आजोबांची .३७५ मॅग्नम, वारशानं त्यांच्या नावावर झालेली. जुना दस्ता वाळवीनं खाल्ला म्हणून त्यांनी हौसेनं नवा करून घेतला होता. नेमबाजीच्या मैदानावर आठ-दहा फैरी झाडल्या आणि नवा दस्ता मुठीपाशी फुटला.

"लाकूड केवढं देखणं होतं हो," ते म्हणाले. देखणं होतंच. मधासारखा रंग, त्यावर काळसर रेघांची नागमोडी नक्षी आणि नेमक्या मुठीवर रुपयाएवढा एक भोवरा. मी दस्ता उजेडात धरला. चीर त्या भोवऱ्याच्या कडेकडेनं गेली होती. नक्षीची रेघ जिकडे वळली, तिकडेच चीर वळली होती. नक्षी दिसावी म्हणून कुणीतरी ती फळी निवडली होती आणि दस्ता फुटला तो त्या नक्षीवरच.

त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडतो. जास्त धक्क्याच्या हत्याराला लाकूड निवडताना बहुतेक माणसं आधी जात विचारतात, मग रंग बघतात. आधी रेषा बघायची, मग सुकवण, मग जात आणि सगळ्यात शेवटी रंग. क्रम एवढा पाळला, तरी निम्मे दस्ते वाचतील.

पनवेलची चाकं आणि एक जुना धडा

पनवेलकरांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. धक्का सोसणारं लाकूड ओळखणं हा या गावाचा एकेकाळचा मुख्य धंदा होता. १८३० साली भोर घाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात येऊ लागला. इथून तो मचव्यांनी मुंबईला जाई. घाट उतरून आलेल्या गाडीवानाला परत चढायचं असे आणि चाकं खिळखिळी झालेली असत. तो पनवेलात नवी जोडी घेऊन जाई. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनीही पनवेलचा धंदा म्हणून गाडीच्या चाकांचीच नोंद केली आहे. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली, पुढे मोटारी आल्या आणि तो धंदा हळूहळू ओसरला.

आमच्या घरात आजोबांच्या पिढीपर्यंत चाकं होत. चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरचे पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. यातल्या प्रत्येकाला वेगळा मार बसतो. तुंब्याला चहूबाजूंनी आरे ठोकलेले, म्हणून तो सहजासहजी न उकलणारा हवा. आऱ्याला दगडावरून गाडी उतरली की लांबीच्या दिशेनं ठोसा बसतो, म्हणून त्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. एका चाकात एवढा विचार होता. लाकडाचा 'मजबूत' हा एकच गुण नसतो. कुठल्या बाजूनं बसणाऱ्या माराला मजबूत, हे विचारायचं असतं. दस्त्यालाही हाच प्रश्न लागू आहे.

धक्का नेमका कुठे बसतो

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. .३७५ मॅग्नमची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण १९ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ७५० मीटरहून अधिक वेगानं सुटते. तिच्यासोबत जळत्या दारूचा वायूही सुटतो. हिशेब मांडला तर चार किलोची रायफल सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगानं मागे उसळते. घणाचा टोला म्हणा ना. तो टोला खांद्याला बसण्याआधी लाकडाला बसतो, कारण पोलाद आणि खांदा यांच्यामध्ये लाकूडच आहे.

बोल्टच्या रायफलीत नळीच्या मागच्या भागाखाली पोलादाचा एक चौकोनी खुंट असतो. कारागीर त्याला 'रिकॉइल लग' म्हणतात. हा खुंट लाकडातल्या खाचेत बसतो आणि सगळा धक्का आधी त्या खाचेच्या मागच्या भिंतीवर येतो. ती भिंत म्हणजे लाकडाच्या तंतूंची उघडी टोकं. लाकूड मऊ असेल तर ती टोकं दबतात. एकदा पोकळी झाली की पुढच्या फैरीला यंत्र आधी थोडं मागे सरकतं आणि मग आदळतं. ढिली कुऱ्हाड जशी दांडा फोडते, तसंच.

दुसरी जागा म्हणजे यंत्राची मागची शेपटी जिथे लाकडात बसते ती. तिथे पोलाद लाकडाला घट्ट टेकलेलं असेल, तर ते पाचरीचं काम करतं आणि दस्ता मधोमध उकलतो. तिसरी जागा मूठ. ती सगळ्यात बारीक. धक्का मागे जाताना खांद्याकडचा भाग खाली झुकलेला असल्यामुळे मुठीवर वाकवणारा जोर येतो.

जुना दस्ता हातात आला की या तीन जागा भिंगातून बघा. शेपटीमागे केसासारखी रेघ, खाचेमागे चेपल्याची खूण, मुठीवर तिरकी चीर. यातलं एकही दिसलं तर ते हत्यार चालवू नका.

मऊ लाकडाचा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांनाही पडला होता. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्यात अक्रोडाऐवजी तिथलं कोचवुड नावाचं लाकूड ली-एनफील्ड रायफलींना वापरावं लागलं, तेव्हा धक्का बसतो त्या ठिकाणी तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या बऱ्याच रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो. तो लाकूड उकलू नये म्हणून मारलेला आहे. लाकडाची उणीव धातूनं भरून काढता येते, पण उणीव कुठे आहे हे आधी कळावं लागतं.

कोणतं लाकूड, कशासाठी

अक्रोडाला जगभर पहिली पसंती आहे आणि ती उगीच नाही. सुकलेल्या अक्रोडाचं वजन घनमीटरला साधारण ६४० किलो, म्हणजे जवळपास आपल्या सागाइतकंच. पण अक्रोडाचे तंतू चिवट असतात, ते धक्का जिरवतात. पटाशीखाली ते लोण्यासारखं कापलं जातं, त्यामुळे खाचा तंतोतंत बसतात. एकदा सुकलं की ते फारसं हलत नाही. आपल्याकडे अक्रोड काश्मीरचं. तिथे अक्रोडाचं झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी १९६९चा कायदा आहे. म्हणून फळी घेताना बिल आणि वाहतुकीचे कागद मागाच. कागद नसलेली स्वस्त फळी घेऊ नका.

शिसव आपल्या सह्याद्रीचा राजा. घनमीटरला ८५० किलोच्या घरात, कठीण, दबायला नाखूष. खुंटामागची भिंत शिसवाची असेल तर ती चेपत नाही. वजन वाढतं, आणि जास्त धक्क्याच्या रायफलीत हा दोष नसून गुण आहे. चार किलोची रायफल साडेचार किलोची झाली, तर मागे येणारी ऊर्जा सुमारे नवव्या हिश्श्यानं कमी होते. पण शिसवाची रेषा पुष्कळदा आलटून पालटून दोन्हीकडे झुकलेली असते, त्यामुळे रंध्याखाली ते उचकटतं. त्यात नैसर्गिक तेल असल्यानं सरस आणि इपॉक्सी नीट धरत नाहीत. जोडायची जागा आधी ॲसिटोननं पुसून घ्यावी लागते. उत्तरेकडचा शिसम थोडा हलका, ७७० किलोच्या आसपास. सरळ रेषेचा मिळाला तर उत्तम काम देतो. या सगळ्या कुळावर २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला दस्ता पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

साग घेऊ का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. वाडे पाडले जातात, शंभर वर्षांची तुळई हाती येते आणि मोह होतो. सागासारखं न हलणारं लाकूड नाही. दारं-खिडक्यांना, होडीला त्याला तोड नाही. पण एकदम बसणाऱ्या धक्क्याला साग ठिसूळ. तो वाकायच्या आधी तुटतो. पॉइंट टू-टूच्या रायफलीला किंवा एअर रायफलीला साग खुशाल वापरा, मॅग्नमला नको.

आपल्या रानातली खरी धक्का सोसणारी लाकडं वेगळीच आहेत. धावडा इतका चिवट की इंग्रजीत त्याचं व्यापारी नावच गाडीच्या आसावरून पडलं आहे. तिवस चाकांना आणि अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. बाभूळ देशावरच्या चाकांची. आणि धामण, जिचा दांडा कुऱ्हाडीला लावतात आणि जिची कावड खांद्यावर झुलते पण मोडत नाही. मग दस्ता यांचाच का करू नये? कारण चिवटपणा हा एक गुण झाला. धावडा सुकताना फाटतो आणि पिळतो, जाड फळी सरळ राहिलीच तर नशीब. बाभूळ जड, गाठाळ आणि लांब सरळ तुकड्यात क्वचित मिळणारी. धामणीचा भरपूर रुंदीचा तुकडा मिळणंच अवघड. ही लाकडं दस्त्यात दुसऱ्या रूपानं कामाला येतात. मुठीतून आडवी जाणारी लाकडी खुंटी किंवा चीर सांधताना घालायची पट्टी धामणीची किंवा तिवसाची असली तर जुन्या दस्त्याला पुन्हा उभारी येते.

आंबा, फणस, निलगिरी यांच्या वाटेला जाऊ नका. आंबा स्वस्त आणि दिसायला बरा, पण भुंगा लागतो आणि खाच दबते. निलगिरी सुकताना पिळते.

चिकटवलेल्या थरांच्या लाकडाला आपल्याकडे उगाच नाकं मुरडतात. पातळ पट्ट्या रेषा जुळवून, दाबाखाली चिकटवल्या की एका पट्टीतला दोष दुसरी झाकते आणि दमट हवेत असा दस्ता वाकत नाही. जर्मनांच्या ९८-के रायफलींना १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून बीच लाकडाचे थर जोडलेले दस्ते लागले आणि ते सगळं युद्ध टिकले. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्‌स अकादमीत नेमबाज सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये मुलं ज्या एअर रायफलींवर सराव करतात, त्या घराण्यातल्या आधुनिक रायफलींचे दस्ते ॲल्युमिनियमचे किंवा थरांच्या लाकडाचे असतात. हवामान बदललं तरी नेम बदलू नये, हे त्यामागचं कारण. नक्षीचा हट्ट नसेल आणि हत्यार मोठ्या धक्क्याचं असेल, तर कोकणात थरांचं लाकूड ही सर्वांत निर्धोक निवड आहे.

रेषा कशी वाचायची

कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवर लहानपणी पाहिलेली गोष्ट सांगतो. एक म्हातारे ठाकर कुऱ्हाडीला दांडा करत होते. जवळ करवत होती, पण त्यांनी धामणीचा ओंडका कोयत्यानं आणि मोगरीनं फाडला. मी विचारलं, करवतीनं पटकन झालं असतं ना? ते म्हणाले, "करवत कुठंबी जाते रं. फाडलं की लाकूड सोताच्या वाटंनं जातं." फाडलेल्या तुकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, जिथे वाट वाकडी गेली होती तो तुकडा चुलीकडे टाकला आणि दुसरा घेतला.

लाकडाच्या ताकदीचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. लांबीच्या दिशेनं ओढलं तर ती प्रचंड जोर धरते, आडवी ओढली तर तिच्या वीस-तीस पटींनी कमी. रेषा दस्त्याच्या दिशेशी जितकी तिरकी, तितका जोर या दुबळ्या बाजूवर पडतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून निघालेले आकडे असे आहेत: पंधरा इंचांत एक इंच तिरकी रेषा असेल तर एकदम बसणाऱ्या धक्क्याला तोंड द्यायची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटते. दहा इंचांत एक इंच असेल तर ६० टक्क्यांच्या आसपास उरते. पाच इंचांत एक इंच असेल तर जेमतेम तिसरा हिस्सा. डोळ्यांना ही तिरकस रेघ किरकोळ वाटते, पण मुठीवर तिनं ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आणलेली असते. म्हणून मुठीच्या भागात पंधराला एक याहून तिरकी रेषा असलेली फळी मी हातात धरत नाही.

फळीच्या रुंद बाजूवरून रेषा कळते असं समजू नका. वरून सरळ दिसणारी रेघ बाजूनं तिरकी असू शकते. दोन्ही बाजू बघायच्या. रंध्यानं दोन्ही बाजूंना थोडी जागा साफ करा आणि पातळ शाईचा थेंब टाका. शाई तंतूंच्या वाटेनं पसरते आणि खरी दिशा दाखवते. दुकानदाराला चालत असेल तर फळीच्या टोकाचा चार बोटांचा तुकडा मागून घ्या आणि पटाशीनं फाडून बघा. जिथे फाटला ती खरी रेषा.

मग पुठ्ठ्याचा दस्त्याच्या आकाराचा साचा कापा आणि फळीवर ठेवून फिरवा. रेषा मुठीतून सरळ जाऊन खांद्याकडच्या झुकावाबरोबर किंचित खाली उतरावी. पुढे खाचेपाशी ती नळीला समांतर असावी. नक्षी हवीच असेल तर ती खांद्याकडच्या मागच्या सहा-सात इंचांत येऊ द्या. तिथे लाकूड जाड आहे, जोर कमी आहे. गाठ, भोवरा, फांदीची सुरुवात यांतलं काहीही मुठीत किंवा खाचेच्या आसपास नको. साचा कुठेच नीट बसत नसेल तर फळी परत ठेवा, मग ती कितीही सुंदर असो.

एकसंध दस्त्याला फळी साधारण ३२ ते ३४ इंच लांब, मागे सात-आठ इंच रुंद आणि अडीच इंच जाड लागते. ओंडक्याच्या मध्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं कापलेली फळी मिळाली तर पहिली पसंती तिला द्या. वर्षांची वलयं फळीच्या टोकावर उभी दिसतात ती हीच. अशी फळी रुंदीत कमी फुगते आणि कमी पिळते.

कोकणची हवा आणि सुकवणीचा हिशेब

इथवर सगळं बरोबर करून माणसं एका ठिकाणी चुकतात, ते म्हणजे घाई. पनवेलात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत हवेतला ओलावा इतका असतो की मीठ वितळतं आणि दारं चिकटतात. तीच दारं मार्चमध्ये सैल होतात. आपल्या हवेत उघड्यावर ठेवलेलं लाकूड पावसाळ्यात १६ ते १८ टक्के ओलावा धरतं आणि कोरड्या महिन्यांत १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरतं. या चढउतारानं ५० मिलिमीटर रुंदीत अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक सहज पडतो. दस्त्याच्या खाचेत अर्धा मिलिमीटर म्हणजे कुठे यंत्र आवळलं जातं, कुठे ढिलं पडतं.

सावलीत, वारा खेळेल अशा जागी लाकूड सुकवायला जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब आहे. अडीच इंचांच्या फळीला अडीच-तीन वर्षं. भट्टीत सुकवलेलं घेतलं तरी ते आपल्या हवेला रुळायला घरात चार-सहा महिने ठेवा. दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, नाहीतर टोकं आधी सुकून फाटतात. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकवता.

आता वजन. किराणा दुकानातला साधा काटा पुरे. दर महिन्याला एकाच तारखेला फळी तोला आणि आकडा खडूनं फळीवरच लिहा. माझ्या कोठीत आज एक शिसवाची फळी आहे, तिच्यावर असे एकोणीस आकडे आहेत. पहिले सहा भराभर उतरले, मग हळू, पावसाळ्यात थोडे वर गेले आणि परत खाली आले. सलग तीन महिने, तेही कोरड्या ऋतूत, वजन जागचं हललं नाही म्हणजे फळी तयार. खाचा खोदायचं काम शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. जुलैत खोदलेली खाच मार्चमध्ये दगा देते.

विकत घेताना चार परीक्षा

फळी एका टोकाला दोन बोटांत लटकवून लाकडी मोगरीनं हलकेच वाजवा. निरोगी, सुकं लाकूड खणखणतं. आत तडा किंवा कूज असेल तर बद्द आवाज येतो.

टोक भिंगाखाली धरा. झाडाचा अगदी मधला गाभा फळीत असेल तर तिथून चांदणीसारखे तडे निघालेले दिसतील. अशी फळी नको. वलयांच्या कडेनं गोलाकार भेग असेल तर ती पुढे वाढणारच.

सालीलगतचं फिकट लाकूड शोधा. भुंगा तिथेच पडतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा दिसला तर फळी दुकानाच्या बाहेरच ठेवा, घरातल्या बाकीच्या लाकडालाही लागण होईल. थोडं फिकट लाकूड खांद्याकडच्या कडेला आलं तर चालेल, पण त्याला बोरिक ॲसिड आणि टाकणखाराचं द्रावण पाजून घ्या.

शेवटची परीक्षा तुकडा मोडून. उरलेल्या टोकातून पेन्सिलीएवढी काडी काढा, सुताराच्या पेन्सिलीनं मधे खूण करा आणि हातानं मोडा. लांब लांब धस निघत, कुरकुरत मोडली तर लाकूड चिवट. गाजरासारखी कट्‌कन तुटली आणि टोकं सपाट राहिली तर ते लाकूड ठिसूळ आहे, मग जात अक्रोडाची असो नाहीतर शिसवाची.

कायद्याची चौकट

ही हत्यारं घडली शिकारीसाठी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम बसला आणि आज वाघ-बिबटे, गवे जे काही उरले आहेत ते त्यामुळेच. आता या रायफली वारसा म्हणून, मैदानावरच्या नेमबाजीसाठी, किंवा परवान्यात लिहिलेल्या कारणासाठीच बाळगता येतात. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार हत्याराची दुरुस्ती आणि चाचणी करायलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. म्हणून कामाची वाटणी साफ ठेवा. फळी शोधणं, पारखणं, सुकवणं हे तुमचं. यंत्र उतरवणं, खाचा खोदून बसवणं, चाचणी घेणं हे परवानाधारक कारागिराचं. ओळखीच्या सुताराकडे हत्यार नेऊ नका, त्याला अडचणीत टाकाल.

लाकडाचेही कायदे आहेत. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, खैर, तिवस, ऐन अशी झाडं येतात. आपल्या शेतातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडू नका. वखारीतून बिल घेऊन आणा, किंवा वनविभागाच्या आगारातल्या लिलावातलं घ्या.

कारागिराला काय विचाराल

फळी त्याच्या हातात देताना हे प्रश्न विचारा. खुंटामागची भिंत इपॉक्सीच्या पातळ थरानं घट्ट बसवणार का? शेपटीमागे एक-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडणार का, म्हणजे ती पाचर होणार नाही? खुंटामागे आणि काडतुसांच्या पेटीमागे आडवे पोलादी बोल्ट घालणार का? फार मोठ्या धक्क्याच्या हत्याराला नळीखाली दुसरा खुंट देता येईल का? मागे चांगल्या रबराची गादी लावणार का? आणि आतल्या खाचांनाही तेल किंवा सीलर लावणार का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. बाहेर जवसाच्या तेलाचे दहा हात आणि आत कोरं लाकूड असेल, तर कोकणचा ओलावा आतूनच शिरतो.

बसवून झाल्यावर मैदानावर पाच फैरी झाडा, घरी आणा आणि त्या तीन जागा पुन्हा भिंगातून बघा. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी, हेच करा. पूजेला काढलेलं हत्यार पुसून, तेल लावून, चीर नाही ना हे बघून ठेवलं, तर ती पूजा हत्याराच्याही कामी येते.

ते गृहस्थ यंदाच्या जानेवारीत पुन्हा आले. काश्मीरहून कागदांसकट आणलेली अक्रोडाची फळी बरोबर होती. नक्षी जवळजवळ नाहीच, साधी, सरळ रेषांची, भुऱ्या रंगाची. विकणाऱ्यानं ती स्वस्तात दिली होती, कारण तिला कुणी विचारत नव्हतं. आम्ही साचा ठेवून बघितला. मुठीतून रेघ सुतासारखी पार गेली. मी टोकांना मेण लावलं, काट्यावर तोलली आणि खडूनं पहिला आकडा लिहिला. पुढचा पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा ती आमच्या माळ्यावर काढील. मगच तिला करवत लागेल.